सपाट दगडावरचं समुद्रफूल

शुक्रवारची नमाज झाली, जेवणं उरकली, की जेद्द्यातल्या चार-दोन टाकीवेड्यांची पावलं आपोआप अरीजच्या बाबांच्या बैठकीकडे वळत. बाबांचं नाव तलअत. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली, आणि निवृत्त झाल्यावर करमेना म्हणून तेच खारं पाणी घरात आणून ठेवलं, असं त्यांचे जुने मित्र फुआद म्हणायचे. भिंतीला लागून माणूस पाय पसरून झोपेल एवढी काचेची टाकी होती. तीत दोन-चार मासे होते, पण ते आपले नावाला. मान सगळा समुद्रफुलांचा. फुलं म्हणायची, पण ती फुलं नव्हेतच. एका पायावर उभं राहून, शेकडो बोटं हलवत, तोंडाशी काय येतंय याची वाट बघणारे जीव. बाबांच्या मते ते माणसांपेक्षा बरे, कारण वाट बघताना निदान बडबड करत नाहीत.

आलेल्याला बाबा टाकीची फेरी घडवत. सुरुवात डावीकडून. वाळूत पाय पुरून बसलेलं, बोटांवर मणी ओवल्यासारखे फुगवटे असलेलं ते मणीवालं. त्याच्या शेजारी चामडी, बोटांची टोकं जांभळी आणि बुंधा खरखरीत. मधे वाळूवर पसरलेला गालिचा, हात लावला तर कातडीला चिकटून बसणारा. आणि उजवीकडे सपाट दगडाच्या चिरेत पाय रोवलेलं, बोटांच्या टोकांना फुगे आलेलं बुडबुडेवालं. या फेरीत एक नाव बाबा हटकून चुकीचं सांगत, आणि तेही इतक्या गंभीर चेहऱ्यानं की भल्याभल्यांनी माना डोलवाव्यात. चूक ज्याच्या ध्यानात येई त्याला कॉफीचा पहिला पेला. ज्याच्या येत नसे त्याची पुढच्या शुक्रवारपर्यंत टिंगल.

अरीज याच फेरीत लहानाची मोठी झाली होती. बाबांनी तिला किती वेळा फसवलं आणि तिनं त्यांना किती वेळा पकडलं, याला गणती नव्हती. खोटं सांगताना बाबांच्या डाव्या गालावर एक बारीक सुरकुती हलते, हे फक्त तिला ठाऊक होतं. आई गेल्यावर ती मुलीला घेऊन बाबांकडेच राहायला आली. नवरा, हातिम, यान्बूच्या तेलकारखान्यात होता आणि सुट्टी मिळाली तर आठवड्याअखेरीस यायचा. अरीज विमानकंपनीच्या कचेरीत होती. कचेरी शहराच्या पार उत्तरेला आणि तिची वेळ भल्या सकाळची, त्यामुळे सात वर्षांच्या दीमाला शाळेत सोडायचं काम बाबांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. निवृत्तीनंतर बाबा दोनच गोष्टींसाठी वेळेवर उठत. एक टाकी आणि दुसरी दीमा.

त्या शुक्रवारी दीमा घरात नव्हती. हातिमच्या आईनं तिला दोन दिवस आपल्याकडे नेलं होतं. बैठकीत फुआदकाका होते, आणि रायद नावाचा एक दंतवैद्य नव्यानं यायला लागला होता. त्यानं समुद्रफूल पाण्यासकट पिशवीत घालून आणलं होतं, आणि एवढासा चेहरा करून बसला होता.

"विकणाऱ्यानं चामडी म्हणून दिलं," तो म्हणाला. "चामडीला वाळू लागते म्हणून वाळूवर ठेवलं. पण एका जागी राहीलच तर शपथ. रोज सकाळी नव्या कोपऱ्यात. आज पंपाच्या तोंडाशी जाऊन बसलं होतं, थोडक्यात वाचलं. हा बघा फोटो."

त्यानं फोन पुढं केला. बाबांनी तो बघितलाही नाही.

"फोटोवरून पोरीचं लग्न ठरवतात, समुद्रफूल ओळखत नाहीत," ते म्हणाले. "पिशवी सोड."

त्यांनी बाही दुमडली, हात पाण्यात घातला आणि दोन बोटं समुद्रफुलाच्या बुंध्यावरून सावकाश वरून खाली फिरवली. फुआदकाकांनी उगाच श्वास रोखून धरल्याचं सोंग केलं.

"गुळगुळीत," बाबा म्हणाले. "चामडीच्या बुंध्यावर पुटकुळ्या असतात, बोटाला धरतात. हे बुडबुडेवालं आहे. फुगे जिरलेत म्हणून तू फसलास, आणि विकणारा तर फसवायलाच बसलेला. त्याला वाळू काय करायचीय? दगडात चीर दे, पाय आत घालू दे, मग हलणार नाही."

"फुगे का जिरले?"

"ते त्याला विचार. मला एवढी वर्षं झाली, अजून सांगितलं नाही."

सगळे हसले. कॉफी घेऊन आलेली अरीजही हसली. बाबांचा तिला अभिमान वाटला, आणि तो तिनं लपवला नाही. मग फेरी सुरू झाली. मणीवालं, चामडी, गालिचा, सगळं बिनचूक. बाबा उजव्या टोकाशी आले आणि त्यांनी सपाट दगडाकडे बोट केलं.

"आणि हे आमचं बुडबुडेवालं. घरातलं सगळ्यात जुनं. आज बघा कसे फुगे आलेत, एकेक द्राक्षाएवढा."

दगड रिकामा होता. त्याच्या चिरेतही काही नव्हतं. बुडबुडेवालं दगड सोडून मागच्या काचेवर वर चढलं होतं, पार पाण्याच्या पातळीशी.

रायद गोंधळून बघत राहिला. फुआदकाकांनी मांडीवर थाप मारली.

"धरलं तुला, तलअत. या खेपेला नवीनच खोडी काढलीस. नाव बरोबर आणि जागा खोटी. ए दंतवैद्या, डोळे उघडे ठेव, ह्या म्हाताऱ्याच्या घरी दगडालाही फुगे येतात."

"धरलंस रे," बाबा म्हणाले. "पहिला पेला ह्याला दे, अरीज."

अरीजनं पेला भरला. बोट दाखवताना बाबांच्या गालावरची ती सुरकुती हललीच नव्हती. ती हलली नंतर, "धरलंस" म्हणताना.

पाहुणे गेल्यावर पेले विसळताना तिनं स्वतःचीच समजूत घालून पाहिली. म्हातारा माणूस, एखादवेळी विसरला असेल. समुद्रफूल रात्रीतून सरकलं असेल, त्यांनी सकाळी बघितलं नसेल. पण बाबांनी टाकी सकाळी बघितली नाही, असा दिवस तिला आठवेना. ती बैठकीत परत आली आणि टाकीसमोर उभी राहिली, आणि रोज जे दिसत होतं ते तिला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. काचेवर हिरवं शेवाळ चढलं होतं. एकेकाळी बाबा काच अशी घासत, की मासा समोर आला तर माणूस दचकून मागे व्हावा. आता खालचा निम्मा भाग गढूळ झाला होता. खाली उजेड पुरेना म्हणूनच बिचारं बुडबुडेवालं जागा सोडून वर दिव्याकडे चढलं होतं.

मग एकामागून एक गोष्टी आठवायला लागल्या. बाबांनी वर्तमानपत्र बंद केलं होतं, त्यात थापांशिवाय काही नसतं म्हणून. फोनवर लिहिणं सोडून ते बोलूनच निरोप पाठवत, लिहितो तो कारकून म्हणत. ईदला रशाआत्या दारात उभी राहिली, तेव्हा ती बोलेपर्यंत बाबा तिच्याकडे परक्यासारखं बघत होते. आणि गाडीच्या उजव्या दारावर तो लांबलचक ओरखडा. बाबा म्हणाले होते, शेजारच्या बांधकामावरच्या ट्रकनं मारला. अरीजनं त्या ट्रकवाल्याला मनातल्या मनात चार शिव्याही घातल्या होत्या.

गाडीच्या आठवणीपाशी ती अडली. बाकी सगळं चाललं असतं. आंधळ्या माणसानं टाकी पाळली तर कुणाचं काय बिघडतं? पण शुक्र-शनिची सुट्टी संपून रविवारी सकाळी शाळा होती, आणि त्या गाडीत दीमा बसणार होती.

तिनं यान्बूला फोन लावला. हातिमनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, ते खोडी काढत असतील. सगळ्यांची काढतात. माझी लग्नात काढली होती."

"आणि खोडी नसेल तर?"

"तर तू बोल. तुझे वडील आहेत. मी बोललो तर जावई घरात नाक खुपसतो म्हणतील."

वडील असले की त्यांच्याशी बोलायचं काम मुलीचं, आणि मान राखायचं कामही मुलीचंच. अरीजनं फोन ठेवला. शनिवारी दिवसभर ती बाबांच्या मागेपुढे करत राहिली आणि काही बोलली नाही. बाबा घरात नेहमीसारखेच वावरत होते. उंबरा ओलांडत होते, चहा ओतत होते, किल्ली नेमकी खिळ्याला अडकवत होते. मुलीचं मन तेवढ्यावरच विश्वासायला टपलेलं असतं.

संध्याकाळी दीमा परत आली, आणि रविवारी सकाळी अरीजनं खोटं सांगितलं. कचेरीत आज उशिरा बोलावलंय, म्हणाली. बाबा आणि दीमा खाली उतरले. तिनं दोन मिनिटं जाऊ दिली आणि आपली गाडी काढून त्यांच्या मागे लागली.

आपल्याच बापावर पाळत ठेवायची वेळ यावी, याची तिला लाज वाटत होती. तिला गाडी शिकवली ती बाबांनी. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, त्या वर्षी चुलते आणि मामा तोंडं वाकडी करून बसले असताना बाबा तिला अब्हुरच्या मोकळ्या मैदानावर घेऊन गेले होते. पहिल्या दिवशी ती थरथरत होती. बाबा शेजारी बसून म्हणाले होते, "घाबर, खुशाल घाबर. फक्त ब्रेकवर पाय ठेवून घाबर." तेव्हापासून रस्त्यावर तिला जेव्हा जेव्हा भीती वाटली, तेव्हा तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

पुढे बाबांची पांढरी टोयोटा सावकाश चालली होती. गल्लीतून वळली, तमीस रोट्या भाजणाऱ्याच्या भट्टीपुढे रांग होती तिथे हळू झाली, मोठ्या रस्त्याला लागली. सिग्नल लाल झाला, गाडी थांबली. हिरवा झाला, गाडी निघाली. पुढच्या चौकातही तसंच. गतिरोधक आले, तेही अलगद ओलांडले. मागच्या काचेतून दीमाचं डोकं दिसत होतं. ती पुढच्या सीटवर बसली होती, ते अरीजला आवडलं नाही, आणि मधूनमधून हात वर करून काहीतरी गात होती. आजोबा आणि नात, सकाळी सकाळी गाणी म्हणत शाळेला. शाळेच्या फाटकाशी गाडी कडेला लागली, दीमा उतरली, आणि अरीजला हसूच फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. एक समुद्रफूल काय सरकलं, आपण बापाला आंधळा ठरवून बसलो, असं तिनं स्वतःला पोटभर सुनावलं. त्या दिवशी कचेरीत तिनं दुसऱ्यांची कामंही आनंदानं केली.

संध्याकाळी बाबा मगरिबच्या नमाजेला मशिदीत गेले होते. अरीज स्वयंपाकघरात दुधातला भात ढवळत होती आणि दीमा ओट्यापाशी लिंबू चोखत उभी होती.

"काय गं," अरीज म्हणाली, "सीदी गाडी छान चालवतात ना? तुझ्या शाळेतल्या बाकीच्यांचे आजोबा घरी बसून खोकतात."

"सीदी छान चालवतात," दीमा म्हणाली. "आणि मी छान सांगते."

"काय सांगतेस?"

"रंग. आमचा खेळ आहे. लाल आला की हात वर करायचा आणि ओरडायचं लाल. मग सीदी थांबतात. हिरव्याला पण ओरडायचं. एकदा मी पेन्सिल पडली म्हणून खाली वाकले आणि सांगायचं राहिलं, तर सगळे गाडीवाले आमच्यावर ओरडले. सीदी म्हणाले, खेळात असं चालत नाही, लक्ष पाहिजे."

अरीजनं गॅस बंद केला.

"म्हणून तू पुढे बसतेस?"

"मग? मागून काय दिसणार?" दीमानं लिंबू उलटं केलं. "सकाळी टाकीचा पण खेळ असतो. आधी मी सांगायचं, आज कोण कुठं बसलंय. मणीवालं तिथंच, चामडी तिथंच. सीदी म्हणतात, बघ, मला तुझ्याआधीच माहीत होतं. पण त्यांना नसतं माहीत. बुडबुडेवालं वर गेलंय, ते आज मी सांगितलं तेव्हा कळलं त्यांना. मी आजीकडे होते ना."

सकाळी मागच्या काचेतून दिसलेला तो छोटा हात अरीजच्या डोळ्यांपुढून हलेना. गाणं नव्हतं ते. तिच्या पोरीच्या एका हातावर ती गाडी चालली होती, आणि मागून येऊन तिची आई कौतुकानं हसत होती. राग आला, तो बाबांचा आला, हातिमचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिनं दीमाला आतल्या खोलीत गृहपाठाला बसवलं आणि बैठकीत जाऊन टाकीपाशी उभी राहिली. दिवा लावला नाही. टाकीचा निळा उजेड होता तेवढाच.

बाबा आले. किल्ली खिळ्याला लावली, जोडे काढले.

"कोण आहे? अरीज? अंधारात काय करतेस?"

"बाबा, इकडे या. बुडबुडेवालं कुठं आहे सांगा."

"वर चढलंय. मागच्या काचेला." ते जवळ आले. "काय, आज माझी परीक्षा?"

"हे तुम्हाला सकाळी दीमानं सांगितलं."

पंपाचं पाणी पडत होतं त्याचा आवाज येत राहिला.

"शुक्रवारी ती नव्हती," अरीज म्हणाली. "शुक्रवारी तुम्ही रिकाम्या दगडाला फुगे आणलेत. मी तुमचा गाल बघत होते, बाबा. तुम्ही खोडी काढली नव्हती."

"एक समुद्रफूल सरकलं म्हणून बापाची फेरतपासणी करतेस होय? उद्या दात मोजशील."

"चौकात लाल दिवा कोण ओरडतं ते मला कळलंय."

बाबांनी टाकीच्या कडेला हात टेकवला. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"पोरीनं सांगितलं?"

"तिला वाटतं तो खेळ आहे. किती दिवस झाले?"

"रमजानच्या आधी डॉक्टरकडे गेलो होतो. साखरेनं पडदा खाल्लाय म्हणाला. डोळ्यात सुया टोचतो म्हणाला. दोनदा टोचून घेतल्या. तिसऱ्यांदा गेलो नाही. कडेकडेचं दिसतं. मधे डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. तुझा चेहरा बघायचा तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

गेले कित्येक महिने बाबा बोलताना आपल्याकडे नीट बघत नाहीत, काहीतरी मनात धरून बसलेत, असं अरीजला वाटत होतं, आणि त्याचा तिला रागही आला होता. पण आता ते सगळं बोलत बसायची वेळ नव्हती.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून? तू किल्ली काढून घेतली असतीस."

"ती आता घेणार आहे."

"अरीज," बाबा म्हणाले, आणि असं अजीजीनं बोलताना तिनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं, "मी हळू चालवतो. तू मागून येऊन बघ हवं तर."

"आले होते आज. बघितलं. म्हणूनच तर सांगतेय."

"टाकीत चुकलो ते समजू शकतो. ती एका जागी बसत नाहीत. पण हा रस्ता मी तुझ्या जन्माआधीपासून तुडवतोय. कुठला खड्डा कुठं, कुठलं वळण कुठं, मला पाठ आहे. रस्ता काही रात्रीतून उठून चालायला लागत नाही."

"रस्ता नाही चालत, बाबा. रस्त्यावरची माणसं चालतात. तमीसच्या रांगेतलं एखादं पोर चालतं. आणि शेजारी तुम्ही दीमाला बसवलंय. उद्या ती पेन्सिल उचलायला पुन्हा वाकली तर?"

बाबांना पेन्सिलचा तो दिवस आठवला असावा, कारण त्यांचा हात काचेवर उगाचच वर-खाली फिरायला लागला, शेवाळावर बोटांचे पट्टे उमटवत.

"मला भीती वाटते," अरीज म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं, घाबरायचं तर ब्रेकवर पाय ठेवून. मी तो ठेवतेय."

"सकाळी तिला हाक मारायची, तिचं दप्तर घ्यायचं, वाटेत तिची बडबड ऐकायची," बाबा हळूच म्हणाले. "तेवढं गेल्यावर मी उठू कशाला?"

शाळेची गाडी लावू, शेजारीण सोडेल, मी कचेरीची वेळ बदलून घेईन, ही सगळी उत्तरं दीमासाठी होती. बाबांसाठी एकही नव्हतं. आणि तरी किल्ली घ्यायचीच होती, यात आता तिच्या मनात तसूभर शंका उरली नव्हती. तिच्या गप्प राहण्यातून बाबांना जे कळायचं ते कळलं.

ते वळले आणि दाराकडे गेले. त्यांची पाठ फिरली, तशी अरीजला रडू आवरेना. आपण रडताना बाबांना दिसू नये म्हणून ती टाकीपासून दूर झाली, अनवाणी पावलांनी खिडकीपाशी गेली आणि ओढणीचं टोक तोंडात धरलं. कुणापासून तोंड लपवतोय, हे त्या क्षणी तिच्या ध्यानातही आलं नाही.

बाबांनी खिळ्यावरची किल्ली काढली. मुठीत घेऊन थोडा वेळ तिथंच उभे राहिले. मग परत आले, टाकीसमोर थांबले, आणि जिथं ती मघाशी उभी होती तिथं त्यांनी हात पुढं केला.

"घे," ते त्या मोकळ्या जागेला म्हणाले. "गाडी नुसती उभी ठेवू नकोस, बॅटरी बसते. आणि आधी पेट्रोलचा काटा बघ. मला दिसत नाही तो."

मला दिसत नाही, हे शब्द बाबांनी पहिल्यांदा उच्चारले. हात तसाच पुढं धरलेला होता. किल्ली निळ्या उजेडात किंचित हलत होती.

अरीजनं डोळे पुसले. पावलांचा आवाज होऊ न देता ती परत आली, आपल्या पहिल्या जागी उभी राहिली, आणि तिनं त्यांच्या हातातून किल्ली घेतली.